खाटेवरून मैदानावर : डॉ. लुडविग गुटमन

सन १९१७. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मनीच्या पूर्वेकडील अप्पर सायलेशिया प्रांतात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, खाणकामगारांसाठी एक अपघात-इस्पितळ होते. शाळा संपवून लष्कराच्या बोलावण्याची वाट पाहत असलेला एक सतरा-अठरा वर्षांचा तरुण तेथे स्वयंसेवक म्हणून शुश्रूषेचे काम करू लागला. एके दिवशी खाणीत पाठीचा कणा मोडलेला एक कामगार तेथे आणण्यात आला. माणूस तरणाबांड, अंगापिंडाने मजबूत. परंतु कमरेखाली त्याला काहीच जाणवत नव्हते. डॉक्टरांनी त्याला प्लास्टरमध्ये घातले, इतर रोग्यांपासून पडदा लावून बाजूस ठेवले, आणि त्याच्याविषयी टिपणे लिहून घेणाऱ्या या मुलाला सांगितले की, एवढी तसदी घेण्याचे कारण नाही, हा थोड्या आठवड्यांचा सोबती आहे. झालेही तसेच. पाठीला जखमा पडल्या, लघवीत पू झाला, ताप चढला, आणि पाचएक आठवड्यांत त्याने प्राण सोडला.

त्या मुलाने तो पडदा जन्मभर विसरला नाही. कामगाराचा कणा मोडला हे खरे. परंतु तो मेला ते कणा मोडल्यामुळे नव्हे. अंगाखालच्या जखमा सडल्या आणि लघवी तुंबून दूषित झाली, म्हणून तो मेला. आता काही उपाय नाही असे एकदा ठरल्यावर त्याला कोणी कुशीवर वळवले नाही, उठवून बसवले नाही. त्याला शांतपणे पडू देणे हीच दया, असे सर्वांना मनापासून वाटत होते.

हा मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले डॉ. लुडविग गुटमन. त्यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टॉस्ट या लहानशा गावी एका यहूदी कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. घशाच्या दुखण्यामुळे लष्कराने त्यांना घेतले नाही, आणि १९१८ साली ते ब्रेस्लाउ येथे वैद्यकशास्त्र शिकू लागले. पुढे फ्रायबुर्ग विद्यापीठात त्यांचे शिक्षण पुरे झाले व १९२४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. फ्रायबुर्गला असताना यहूदी विद्यार्थ्यांच्या एका मंडळात ते होते. यहूदी म्हणजे दुबळा, पुस्तकातला किडा, अशी टिंगल विद्यापीठांतून सर्रास चाले. तिला उत्तर म्हणून या मंडळाचे तरुण तालीम करीत, तलवारबाजी शिकत. ज्याला जग हिणवते त्याने आपले शरीर कमावले की त्याची मानही आपोआप ताठ होते, हा अनुभव गुटमन यांनी रोग्यांवर नव्हे, तर प्रथम स्वतःवरच घेतला होता.

त्यांना खरे तर मुलांचे डॉक्टर व्हायचे होते. तशी जागा मिळेना, म्हणून ते ब्रेस्लाउच्या डॉ. ओटफ्रीड फोर्स्टर यांच्या हाताखाली मेंदू व मज्जातंतूंच्या विभागात रुजू झाले. फोर्स्टर म्हणजे त्या काळातील युरोपातले या शास्त्रातील मोठे नाव. रशियाच्या लेनिनवरही उपचारांसाठी त्यांनाच बोलावण्यात आले होते. गुरू कडक, काम अपार. मध्ये एक वर्ष हॅम्बुर्गला जाऊन गुटमन परत आले आणि फोर्स्टर यांचे पहिले साहाय्यक झाले. वय तिशीचे, घरी पत्नी एल्झे व लहान मुले. पुढचा मार्ग सरळ दिसत होता.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि यहूदी डॉक्टरांना सरकारी इस्पितळांतून काढून टाकण्यात आले. गुटमन ब्रेस्लाउच्या यहूदी इस्पितळात गेले; १९३७ साली ते त्या इस्पितळाचे प्रमुख झाले. त्यांची खरी परीक्षा झाली ती ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री. त्या रात्री जर्मनीभर यहूद्यांची दुकाने फोडली गेली, सभास्थानांना आगी लावण्यात आल्या. ब्रेस्लाउचे मोठे सभास्थानही जळाले. पुरुषांना धरून छळछावण्यांत नेण्यात येऊ लागले. गुटमन यांनी हुकूम दिला की, इस्पितळाच्या दारात जो पुरुष येईल त्याला काही न विचारता आत घ्यावे. सकाळपर्यंत चौसष्ट माणसे दाखल झाली. दिवस उजाडल्यावर गेस्टापोचे लोक आले आणि एका रात्रीत एवढे रोगी कोठून आले म्हणून विचारू लागले. गुटमन त्यांना घेऊन खाटाखाटांतून फिरले. प्रत्येकाचा कोणता ना कोणता आजार त्यांनी जागच्या जागी सांगितला. पोलिसांच्या पाठीमागून ते रोग्यांकडे पाहून तोंड वेडेवाकडे करीत, म्हणजे त्यानेही तसेच करून झटका आल्याचे सोंग आणावे. चौसष्टांपैकी साठ जण अशा रीतीने वाचले.

यानंतर जर्मनीत राहणे शक्य नव्हते. पण यहूद्यांचे पासपोर्ट काढून घेतलेले होते. योगायोग पाहा. पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या एका स्नेह्याला मेंदूचा विकार झाला आणि त्याला तपासण्यासाठी नाझी सरकारनेच गुटमन यांना पासपोर्ट देऊन लिस्बनला पाठवले. परतताना लंडनमध्ये थांबण्याची मुभा मिळाली. तेथे छळ झालेल्या विद्वानांना मदत करणारी एक इंग्रज संस्था होती. तिने त्यांच्या कुटुंबासाठी परवान्याची व्यवस्था केली. १४ मार्च १९३९ रोजी गुटमन, त्यांची पत्नी व दोन मुले इंग्लंडात उतरली. त्या संस्थेने दिलेले अडीचशे पौंड हाच त्यांचा आधार. ऑक्सफर्डला त्यांना संशोधनाचे काम मिळाले, पण रोगी हाताळण्याची संधी मिळत नव्हती. ज्या माणसाने एक सबंध इस्पितळ चालवले त्याने पाच वर्षे कागद आणि प्रयोग यांत घालवली. हा काळ त्यांना फार जाचला.

१९४३ साली इंग्रज सरकार फ्रान्समध्ये फौजा उतरवण्याची तयारी करीत होते. त्या लढाईत कण्याच्या जखमा झालेले शेकडो सैनिक परत येतील, त्यांची सोय कोठेतरी करावयास हवी, असा हिशेब झाला. हे काम कोणालाही नको होते. पहिल्या महायुद्धात अशा दर शंभर जखमींपैकी सुमारे ऐंशी जण थोड्या वर्षांत दगावले होते. उरलेले कोठल्यातरी आश्रमात पडून होते. अशा रोग्यांवर आयुष्य घालवणे म्हणजे डॉक्टराने आपले नाव मातीत घालणे, असा समज होता. ऑक्सफर्डच्या मित्रांनाही गुटमन यांनी हे पद का स्वीकारावे हे समजेना. गुटमन यांनी एकच अट घातली, आपल्या पद्धतीने काम करू द्यावे, कोणी मध्ये पडू नये. १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनपासून चाळीसएक मैलांवर, एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात हा विभाग उघडला. खाटा सव्वीस आणि रोगी एक.

त्यांनी प्रथम काय केले? शस्त्रक्रिया नाही, नवे औषध नाही. त्यांनी माणसे कुशीवर वळवली.

वाचकांना हे क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आपण निरोगी माणसे झोपेतसुद्धा सारखी हलत असतो. एका जागी भार पडला की तेथे रग लागते आणि नकळत आपण कूस बदलतो. मज्जारज्जू तुटलेल्याला ही रगच लागत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहते, तेथील रक्तपुरवठा थांबतो, कातडी काळी पडते आणि पाहता पाहता मुठीएवढे भोक पडते. हेच शय्याव्रण. गुटमन यांनी नियम केला की, प्रत्येक रोग्याला दर दोन तासांनी वळवायचे, दिवसा आणि रात्रीही. प्लास्टरचे साचे काढून टाकले आणि उशा लावल्या. लघवी काढण्याची नळी घालण्याचे काम पूर्ण स्वच्छता पाळून डॉक्टरानेच करायचे, असे ठरवले आणि सुरुवातीस ते स्वतःच्या हाताने केले. रात्री-बेरात्री ते वॉर्डात येऊन उभे राहत, दोन वाजताचे वळवणे झाले की नाही ते पाहत. एखाद्याच्या पाठीवर नवी जखम दिसली की परिचारिका आणि सेवक यांची धडगत नसे. जे शास्त्रज्ञांना असाध्य वाटत होते ते उशा, साबण, घड्याळ आणि शिस्त यांनी साध्य होऊ लागले. रोगी मरेनासे झाले.

परंतु मरत नाही एवढ्याने माणूस जगतो असे नाही. वीस-बावीस वर्षांचे हे शिपाई. काल घोड्यासारखे धावत होते, आज पाय लाकडासारखे पडलेले. पेन्शन मिळेल, कोणी जेवण आणून देईल. पुढची चाळीस वर्षे करायचे काय? गुटमन यांनी इस्पितळातच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग काढले. खाटेवरून उठता येऊ लागले की माणूस कामाला लागलाच पाहिजे. रोगी कुरकुरत, त्यांना कठोर म्हणत. आणि तेच रोगी पाठीमागे त्यांना प्रेमाने ‘पॉपा’ म्हणत.

खेळ कसा सुरू झाला, त्याची हकीकत गमतीची आहे. एके दिवशी गुटमन यांनी पाहिले की काही रोगी चाकांच्या खुर्च्यांत बसून, उलट्या धरलेल्या काठ्यांनी एक चकती हिरवळीवर इकडून तिकडे टोलवीत आहेत. दुसरा एखादा डॉक्टर असता तर काठ्या काढून घेऊन त्यांना आत पाठवले असते. गुटमन यांनी स्वतःसाठी एक खुर्ची मागवली, व्यायामशिक्षक हिल यांना दुसऱ्या खुर्चीत बसवले आणि दोघे रोग्यांविरुद्ध खेळावयास उतरले. खुर्ची फिरवता फिरवता त्यांची दमछाक झाली. हे पोलो पुढे फार आडदांडपणाचे होऊ लागले, म्हणून बंद करावे लागले. त्याच्या जागी चेंडू जाळ्यात टाकण्याचा खेळ आला, टेबल टेनिस आले, आणि तिरंदाजी आली.

तिरंदाजीवर त्यांचा एवढा भर का, याला शास्त्रीय कारण आहे. आपल्या पाठीत एक रुंद स्नायू असतो. तो दंडापासून काखेच्या मागून निघून खाली कमरेच्या हाडापर्यंत पसरलेला आहे. त्याची नस मात्र मानेतून येते. त्यामुळे छातीच्या खाली सर्व अंग लुळे पडले तरी हा एक स्नायू जिवंत राहतो. जणू काही चांगल्या अर्ध्या शरीराचा हात लुळ्या अर्ध्या शरीराला धरून असतो. हा स्नायू कमावला तर माणूस कण्याला आधार नसतानाही ताठ बसू शकतो, तोल सांभाळू शकतो. धनुष्याची दोरी ओढताना नेमका हाच स्नायू राबतो. शिवाय खांदे व दंड बळकट झाले म्हणजे खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोटारीत किंवा शौचकूपावर आपल्या आपण सरकता येते. खुर्चीत बसल्या बसल्या थोड्या थोड्या वेळाने दोन हातांवर अंग उचलून धरले की बैठकीला जखमा होत नाहीत. म्हणजे ज्याला आपण खेळ म्हणतो तो त्या माणसाच्या दृष्टीने दुसऱ्याला हाक न मारता जगण्याचा सराव असतो. तिरंदाजीत आणखी एक गोष्ट आहे. खुर्चीत बसलेला आणि पायांवर उभा असलेला दोघेही एकाच रेषेवरून, एकाच लक्ष्यावर नेम धरू शकतात. स्टोक मँडव्हिलचे तिरंदाज आसपासच्या क्लबांशी सामने खेळू लागले, तेव्हा त्यांना कोणी चार गुण दयेने दिले नाहीत.

पुढे आलेल्या शास्त्राने गुटमन यांचे म्हणणे उचलूनच धरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाविषयी ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत अपंगत्व असलेल्यांसाठी प्रथमच वेगळा विचार केला आहे; आणि प्रौढांसाठी माप तेच आहे, आठवड्यात निदान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम. सवलत म्हणून कमी केलेले नाही.

संडे-स्कूलच्या शिक्षकांना येथे एक गोष्ट विचाराविशी वाटते. वार्षिक खेळांच्या दिवशी पायाने अधू असलेल्या मुलाला आपण कोठे बसवतो? बहुधा झाडाखाली, वहीत गुण लिहावयास, किंवा सर्वांच्या चपला आणि डबे राखावयास. त्याला वाईट वाटू नये म्हणून शेवटी एक बक्षीसही देतो. आपला हेतू चांगलाच असतो. पण त्या मुलाच्या दंडांत, पाठीत, फुफ्फुसांत जी ताकद आहे ती वाढवण्याची वेळ आपण वहीत घालवून टाकतो. दोरखंड ओढणे, बसून चेंडू फेकणे, नेम धरणे, पाण्यात उतरणे, यांतले काहीतरी त्याला करता येते की नाही हे आपण कधी विचारलेले असते काय?

२९ जुलै १९४८ हा दिवस आता इतिहासात गेला आहे. त्या दिवशी लंडनला वेम्ब्लीच्या प्रचंड क्रीडागारात ऑलिम्पिक सामन्यांचा उद्घाटन-समारंभ होता. गुटमन यांनी मुद्दाम तोच दिवस निवडला आणि स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर तिरंदाजीचे सामने भरवले. एका बाजूस त्यांचे रोगी, दुसऱ्या बाजूस रिचमंडच्या अपंग सैनिकांच्या आश्रमातील मंडळी. एकूण खेळाडू सोळा, त्यांत दोन स्त्रिया. पाहुण्यांचा संघ जिंकला. वेम्ब्लीच्या गर्दीपुढे ही किती लहान गोष्ट! परंतु पुढच्याच वर्षी गुटमन यांनी जाहीरपणे सांगून टाकले की, एक दिवस या स्पर्धा अपंगांचे ऑलिम्पिक म्हणून ओळखल्या जातील. ऐकणाऱ्यांनी हे उत्साही डॉक्टरांचे बोलणे म्हणून सोडून दिले असावे. १९५२ साली हॉलंडचे खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाल्या. मग वर्षागणिक एकेक देशाची भर पडत गेली.

१९६० साली रोमला ऑलिम्पिक सामने झाले आणि ते आटोपल्यावर आठवडाभराने त्याच शहरात तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू चाकांच्या खुर्च्यांतून दाखल झाले. इटलीचे डॉ. अँतोनियो माल्यो यांनी ही व्यवस्था केली होती. अडचण अशी निघाली की खेळाडूंना दिलेल्या इमारती खांबांवर उभ्या, वर जावयास जिने! मग इटलीच्या शिपायांनी खुर्चीसकट माणसे उचलून वर नेली आणि खाली आणली. मार्कच्या शुभवर्तमानात पक्षघाती माणसाची बाज वाहून आणणारे चौघे आपल्या परिचयाचे आहेत. रोमला असे चौघे दिवसभर राबत होते. पोप तेविसावे जॉन यांनी या खेळाडूंना व्हॅटिकनमध्ये भेट दिली. तिरंदाजीत इंग्लंडच्या मार्गारेट मॉन यांना सुवर्णपदक मिळाले. आफ्रिकेतील न्यासालँड येथे १९५९ साली मोटार-अपघातात त्यांचा कणा मोडला होता. एका वर्षात त्या स्टोक मँडव्हिलच्या खाटेवरून रोमच्या मैदानावर आल्या होत्या.

१९६४ साली स्पर्धा टोकियोत भरल्या. जपानी डॉक्टर युताका नाकामुरा स्टोक मँडव्हिलला येऊन काम पाहून गेले होते आणि परत गेल्यावर त्यांच्याच धडपडीने हे घडले. जपानचे बहुतेक खेळाडू इस्पितळांतून व आश्रमांतून आणलेले होते. परदेशी पाहुणे मात्र नोकरी करणारे, घरसंसार असलेले, बाजारात हिंडून खरेदी करणारे! अपंग माणूस असाही राहू शकतो हे तेथील लोकांना नवे होते. नाकामुरा यांनी दुसऱ्याच वर्षी बेप्पू येथे अपंगांना रोजगार देणारी ‘सूर्याचे घर’ या अर्थाच्या नावाची संस्था काढली. खेळाच्या मागोमाग काम आले, हे गुटमन यांना पदकांपेक्षा अधिक मोलाचे वाटले असेल.

१९६८ साली मेक्सिकोने असमर्थता दाखवली आणि स्पर्धा इस्राएलमध्ये तेल अवीव येथे झाल्या. भारताचा संघ प्रथम गेला तो तेथेच. त्यात सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे एक जवान होते, मुरलीकांत पेटकर. लष्करात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले, आणि उपचाराचे वेड झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्तशैली पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक उच्चांक करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ऑलिम्पिक असो वा अपंगांचे ऑलिम्पिक, एकट्याने मिळवलेले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. आपल्याकडे त्याची दखल घ्यावयास फार उशीर झाला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. ज्या देशाने गुटमन यांना हाकलून दिले त्याच देशात, त्यांनी उभारलेल्या स्पर्धेत, एका मराठी शिपायाने हे यश मिळवले.

गुटमन यांचे चरित्र लिहिताना त्यांना संत करून टाकण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. ते अतिशय हट्टी होते. इस्पितळात त्यांचा शब्द अखेरचा, आणि स्पर्धांतही तेच. कोणता खेळ घ्यावा, कोणी खेळावे, हे ते आणि त्यांचे डॉक्टर ठरवीत. खेळणाऱ्यांना फारसे कोणी विचारीत नसे. अनेक वर्षे या स्पर्धांत फक्त कण्याच्या जखमेचे लोकच घेतले जात. अंध आणि हात-पाय गमावलेले यांना प्रवेश मिळाला तो १९७६ साली, टोरंटोला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या संघाला घेतल्यावरून मोठा वाद झाला. तो संघ काळे-गोरे मिश्र होता आणि खेळात राजकारण आणू नये, असे गुटमन यांचे म्हणणे होते. तरी काही देश निषेध म्हणून परत गेले. वंशद्वेषाचे चटके स्वतः सोसलेल्या माणसाने त्या देशाच्या राज्यपद्धतीविरुद्ध अधिक ठाम उभे राहावयास हवे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यांचा स्वभावच असा होता की, समोरचा माणूस खेळू शकतो की नाही एवढेच त्यांना दिसे. हाच त्यांचा गुण आणि हाच त्यांचा दोष.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९६६ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना ‘सर’ ही पदवी दिली. १९६९ साली स्टोक मँडव्हिलला अपंगांसाठी खास क्रीडागार उभे राहिले, तेही राणीच्या हस्ते उघडले गेले. १९७६ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. कण्याच्या जखमांवर आणि अपंगांच्या खेळांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. निवृत्तीनंतरही त्यांचे प्रवास आणि पत्रव्यवहार थांबले नाहीत. १९७९ च्या शरद ऋतूत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी हॉलंडात आर्नहेम येथे स्पर्धा झाल्या. त्या वर्षी मेंदूच्या विकाराने हातापायांवर ताबा न राहिलेले खेळाडूही प्रथमच उतरले.

१९८८ साली सोल येथे ऑलिम्पिकचीच मैदाने अपंग खेळाडूंना मिळाली. २०१२ साली या स्पर्धा लंडनला आल्या. त्यासाठीची ज्योत स्टोक मँडव्हिलला पेटवून मिरवणुकीने राजधानीत आणण्यात आली. उद्घाटनाच्या रात्री ऐंशी हजारांच्या समुदायासमोर मुख्य अग्निपात्र पेटवावयास चाकांच्या खुर्चीतून एक चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई पुढे आल्या. त्या मार्गारेट मॉन होत्या.